पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर

...तर अबू हायेलने कॉफीचा तो बिनकानाचा कप ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला, इथपर्यंत काल आलो होतो. मग मला खोकल्याची उबळ आली आणि तुम्ही सगळे उठून गेलात. तुमचंही बरोबर आहे, माझा खोकला माझ्या गोष्टींपेक्षा लांब चालतो.

खोली होती अबू रकानची. अबू रकान म्हणजे आमच्या गावचा टायरवाला, आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, सित्त इंतिसारचा, नवरा. आम्ही त्याच्याकडे जाहा घेऊन गेलो होतो. कुळातले वडीलधारे मिळून मोठं मागणं घेऊन जातात ना, तीच ही जाहा. मुलगी मागायची असो की वैर मिटवायचं असो, रीत तीच. यजमान कॉफी पुढे करतो, आपला पुढारी ती खाली ठेवतो आणि मागणं मान्य होईपर्यंत तिला हात लावत नाही. जाहात माझं काम फक्त दाढी दाखवण्याचं. पांढऱ्या दाढ्या जितक्या जास्त तितकं मागणं जड होतं, म्हणून जॉर्डनमधल्या तफीलाच्या या डोंगरावर कुठंही जाहा निघाली की मला बोलावणं येतंच. अब्याला, म्हणजे वरून घ्यायच्या लांब झग्याला, इस्त्री करतो आणि जातो. परत येताना पाकात भिजलेला गोड कुनाफा खायला मिळतो, ही गोष्ट निराळी.

अबू हायेल घसा खाकरून म्हणाला, "अबू रकान, आम्ही मागायला आलोय. आमच्या मुतलकची लेक शाळेत यायला हवी. तू हो म्हणालास तर कॉफी पिऊ. नाहीतर ती इथेच थंड होऊ दे."

अबू रकान ताडकन उठला. एवढे पाहुणे त्याच्या दारात याआधी फक्त गाड्या पंक्चर झाल्यावर आले होते. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "कॉफी प्या, माझ्या माणसांनो! पोरगी उद्यापासून शाळेत. माझा शब्द!"

आम्ही कॉफी प्यायलो. मुतलकने डोळे पुसले. मग कुनाफ्याची परात आली. आणि तिथंच सगळं बिघडलं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पण ही गोष्ट आमच्या दाढ्यांची नव्हे. ही उम्म शाहेरची आहे, आणि उम्म शाहेर त्या खोलीत नव्हती. असती तर तो कप तिने कुणाला उचलू दिला नसता.

उम्म शाहेर म्हणजे शाहेरची आई, फिद्दा. माझ्या घराच्या वरच्या अंगाला तिची अंजिराची दोन झाडं आहेत, त्यांची अर्धी फळं माझ्या गच्चीवर पडतात आणि त्यावरून आमची आयुष्यभर भांडणं चालू आहेत. नवरा फॉस्फेटच्या खाणीत होता, छातीत धूळ भरली आणि लवकर गेला. एकच मुलगा, शाहेर. जन्मताना पोराचा श्वास अडकला. पायांत बळ आलं नाही आणि मान स्थिर राहीना, पण डोकं मात्र शाबूत. सात वर्षांचा झाल्यावर फिद्दाने त्याला पाठीवर बांधून मुलांच्या शाळेत नेलं. तेव्हाच्या हेडमास्तरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एक लिमलेटची गोळी दिली आणि म्हणाले, "बरा झाला की आण हो त्याला."

माणूस वाईट नव्हता. प्रेमानेच म्हणाला. आणि फिद्दाने त्याचं म्हणणं ऐकलं. ती शाहेर बरा होण्याची वाट बघत बसली. आज शाहेरच्या मिशा पिकायला लागल्यात. दारात चटईवर बसतो, आल्यागेल्याला सलाम करतो, कुणाची गाडी आली हे घाट चढण्याच्या आवाजावरून सांगतो. तुपाचा डबा हातात दिला तर वरचं चित्र सरळ धरतो, अक्षरांकडे बघतही नाही.

फिद्दाने पुढे जे काही केलं ते का केलं, असं तिला कुणी विचारलं तर ती शाहेरकडे हनुवटी करायची आणि मसूर निवडायला लागायची.

तिने केलं ते असं. कुणाच्या पोराला शाळेने परत पाठवलं की ती त्याच्या आईकडे जाऊन बसायची. पोर कमी ऐकणारं असो, कमी दिसणारं असो, नाहीतर अक्षरं उलटी लिहिणारं असो. आईला आपल्या घरी बोलवायची. स्वतः ऑलिव्हच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उलटा करून त्यावर बसायची, शाहेरच्या बापाचा जुना चष्मा नाकावर चढवायची आणि मुख्याध्यापिका व्हायची.

"बोला, काय काम आहे?"

"सित्त, माझं पोर..."

"जागा नाही."

"पण सित्त..."

"इथं आधीच पोरं एकमेकांच्या मांडीवर बसतात. तुमच्या पोराला बघायला मी माणूस कुठून आणू? राजधानीत शाळा आहे तसल्या मुलांची. तिकडे न्या."

इथपर्यंत आलं की आई हमखास रडायची. मग उम्म शाहेर चष्मा काढून म्हणायची, "रड पोरी. पोटभर इथं रडून घे. तिथं रडलीस तर त्या तुला पाणी देतील, टिश्यू देतील आणि दाराशी पोचवतील. जागा देणार नाहीत. झालं रडून? चल, पुन्हा. काय मागायचंय तुला?"

"त्याला शाळेत घ्या."

"ते नको. ते फार मोठं आहे, त्यात कुणीही काहीही लपवू शकतं. काय हवंय ते सांग. कुठं बसायचंय त्याला? कुणाशेजारी? फळ्यापासून किती लांब? लघवीला कोण नेणार? ते माग."

आणि मग दोघी शाळेत जायच्या. तिथं उम्म शाहेर एक अवाक्षर बोलायची नाही. आईच्या शेजारी नुसती बसून राहायची. आई भरकटली, माफी मागायला लागली किंवा "जाऊ दे, तुम्हाला त्रास नको" म्हणाली, की अब्याच्या आडून तिच्या मांडीला चिमटा काढायची. या डोंगरावरच्या किती आयांच्या मांड्यांवर तिच्या चिमट्याचे वळ उठलेत, ते त्यांच्या नवऱ्यांना विचारा. माझ्या सुनेच्या बहिणीला तर तिने असा चिमटा काढला की ती किंचाळली, आणि मुख्याध्यापिकेने दचकून "बरं बरं, पहिल्या बाकावर बसवते" म्हणून टाकलं! खरंच सांगतो. तिची पोरगी आता पोस्टात आहे.

आता मयारकडे येऊ. मयार ही मुतलक आणि नोफाची एकुलती एक लेक. मुतलक पाण्याचा टँकर चालवतो. मयारचंही शाहेरसारखंच, पायांत बळ नाही आणि बोलणं अडखळत, पण काय बोलायची ती! एक वाक्य पुरं व्हायला चहा थंड होईल, पण वाक्य असं की थांबल्याचं चीज व्हावं. एकदा मला म्हणाली, "आजोबा... तुमची... दाढी... बकरीला... आवडेल." मी हसून हसून खाली बसलो. मुतलक तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवून गावभर फिरवायचा आणि ती भोंगा वाजवायची.

शाळा दोन मजली. पहिलीचा वर्ग वर, आणि जिना उंच. खाली ऑफिस, स्टोअरची खोली आणि एक कॉम्प्युटरची खोली, जिच्यातले कॉम्प्युटर कधीच मेलेत आणि जिला बाहेरून कुलूप असतं. उम्म शाहेरने नोफाला एकच वाक्य शिकवलं होतं: पहिलीचा वर्ग खाली कॉम्प्युटरच्या खोलीत आणा.

नोफा ते वाक्य घेऊन जात राहिली आणि सित्त इंतिसार ते ऐकत राहिली. इंतिसार कडक बाई. आपल्याच वडिलांशी भांडून शिकलेली, शाळेच्या फरशीत तोंड दिसेल इतकी शाळा स्वच्छ ठेवणारी. आधी म्हणाली, होणार नाही. मग म्हणाली, पहिलीच्या बाईंना विचारते. शेवटच्या खेपेला कुलूप उघडून नोफाला ती खोली आतून दाखवली आणि म्हणाली, "तपासणीचे साहेब येऊन जाऊ देत. मग बघते."

त्या दिवशी उम्म शाहेरने मला अंजिरं पाठवली, माझ्याच गच्चीवर पडायच्या आत. एवढी खूश होती.

पण मुतलकला "मग बघते" म्हणजे नकार वाटला. त्याच्या हिशोबात बायकांचं बोलणं झालं होतं, आता पुरुषांनी पुढे व्हायची वेळ आली होती. तो अबू हायेलकडे गेला, अबू हायेलने मला निरोप धाडला, मी इस्त्री गरम केली.

आता जाहाची एक खोड सांगतो. जाहात तपशील मागत नाहीत. मागणं मोठ्या, मोघम शब्दांत मांडायचं. खोलात शिरणं म्हणजे यजमानावर अविश्वास दाखवणं. आमच्याच कुळात एकदा "तुमची लेक आमच्या मुलाला द्या" म्हणून जाहा गेली, नाव घेतलं नाही, यजमानाने थोरली दिली आणि मुलाच्या मनात होती धाकटी. कॉफी पिऊन झालेली! कोण बोलणार? दोघं अजून नांदतायत, आणि भांडणं अशी की ऐकायला शेजारी खुर्च्या घेऊन बसतात.

तर आम्ही मागितलं, "शाळेत घ्या." आणि शाळेने घेतलं.

दुसऱ्या दिवशी नोफा मयारला नवे बूट घालून, चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेली. चालत नाही तर नवे बूट कशाला, असं तिच्या सासूने विचारलं, तर नोफा म्हणाली, "शाळेत जातेय ती!" सित्त इंतिसार फाटकातच उभी होती. खुर्ची स्वतः आत नेली, स्टोअरच्या खोलीत. कसरतीच्या गाद्या, झाडू, जुने नकाशे आणि उम्म निदाल, शाळेची शिपाईणबाई. "ही इथं बसेल," म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

नोफा रडत उम्म शाहेरच्या दारात आली. उम्म शाहेरने हातातली चाळणी खाली ठेवली.

"काय मागितलं तुझ्या पुरुषांनी?"

"शाळेत घ्या म्हणून."

"वर्गाचं बोलले?"

नोफाने मान हलवली, नाही.

"खोलीचं?"

पुन्हा तीच मान.

"कॉफी प्यायले?"

"कुनाफासुद्धा खाल्ला, खाला." मावशीला आम्ही खाला म्हणतो.

उम्म शाहेर कधी रागाने ओरडायची नाही. पण त्या दिवशी घाटातून जाताना मी तिला अंजिराच्या झाडाशी उभी बघितली, कपाळ खोडाला टेकवून. मला वाटलं चक्कर आली. मी विचारलं तर म्हणाली, "जा, अबू झैदान. आज तुझी दाढी मला दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. या खेपेला मी माझ्या पिकअपमधून सोडलं आणि ऑफिसच्या दाराशी उभा राहिलो, म्हणून ऐकलं ते सांगतो. नोफाने आपलं वाक्य म्हटलं: पहिलीचा वर्ग खाली आणा. इंतिसारने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नोफा, तू इथं येत होतीस ना? मी बोलत होते ना तुझ्याशी? खोली उघडून दाखवली ना तुला?"

"हो, सित्त."

"मग माझ्या नवऱ्याकडे का गेलात? माझी शाळा त्याच्या टायरच्या दुकानात भरते? संध्याकाळी घरी जाते तर परातीत उरलेला कुनाफा, आणि तो मला सांगतो, मी शब्द दिलाय, उद्यापासून घे! मला? माझ्या शाळेबद्दल?" तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "घेतलं मी. त्याचा शब्द पाळला. पोरगी शाळेत आहे. शाळेच्या भिंतीच्या आत. अजून काय मागितलं होतं तुमच्या म्हाताऱ्यांनी? नाही ना काही? मग झालं."

मी दाराआड आणखी सरकलो. उम्म शाहेरचा हात अब्याखाली हलला, मी बघितला, पण नोफा हूं की चूं करीना. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग उरलं जिल्ह्याच्या ठिकाणचं शिक्षण ऑफिस. नोफा जायला तयार झाली. पण मुतलक दारात आडवा उभा राहिला.

"तू गेलीस तर मदाफ्यात मी कुठल्या तोंडाने बसू?" मदाफा म्हणजे आमच्या कुळाची बैठक, तिथं पत गेली की गाव गेलं. "कॉफी प्यायलो मी, नोफा. अबू हायेल प्यायला. प्यायल्यावर तक्रार? लोक माझ्या टँकरचं पाणीसुद्धा घेणार नाहीत."

"पोरगी झाडूंच्या खोलीत बसलीय, मुतलक."

"मला माहीत नाही का!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की घरातल्या मयारने रडायला सुरुवात केली. मग तो बाहेर गेला आणि टँकरच्या केबिनमध्ये जाऊन बसला. इंजिन चालू केलं नाही. काचेतून दिसत होता, डोकं स्टिअरिंगवर.

मुतलकला शिव्या घालणं सोपं आहे, पोरांनो. मी घालत नाही. त्याला जेवढे रस्ते ठाऊक होते त्यातला सर्वांत मोठा त्याने मुलीसाठी वापरला, आणि तोच पुढे बंद निघाला.

उम्म शाहेर सरळ मदाफ्यावर धडकली. बायका तिथं येत नाहीत. आम्ही सगळे सावरून बसलो. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि अबू हायेलला म्हणाली, "परत जा. वर्ग मागा."

"फिद्दा, परत कसं जायचं?" अबू हायेल म्हणाला. "प्यायलेली कॉफी ओकतात का?"

"लाज वाटत असेल तर ओका."

दोघेतिघे हसले. अबू हायेल हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, मला त्याच्या बोटांवरून कळलं, जपमाळेचे मणी दोन-दोन एकदम सरकत होते. "माझ्या बापानं असं कधी केलं नाही, आजोबानं केलं नाही. तू जा ना ऑफिसात. तू कुठं कॉफी प्यायलीस?"

म्हणून ती गेली. मीच नेलं. साहेबाने नीट बसवलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण मुलीच्या कोण?"

"शेजारीण."

"मग आईला किंवा वडिलांना पाठवा, हज्जे आजी. मी शेजारणीच्या सांगण्यावरून शाळेला काय विचारणार?"

आम्ही परत घाटाला लागलो. मी तिला हसवायला माझ्या गाढवाची ती गोष्ट सांगितली, मशिदीत शिरलं होतं ते. ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "बरोबर बोलला तो माणूस. मी कोण?"

मग हिवाळा आला. डोंगरावर गारठा असा की डाळीवरचं दही पानात वाढेपर्यंत गोठावं. मयार रोज शाळेत जात होती. नोफा फाटकाशी सोडायची, उम्म निदाल आत न्यायची. उम्म निदाल चांगली बाई हो. स्टोव्हजवळ बसवायची, गोड चहा पाजायची. पण मयारचं बोलणं कमी व्हायला लागलं. आधी वाक्यं गेली, मग शब्द. मी चिडवायला दाढी पुढे केली तर नुसती बघत राहिली. मुतलक तिला केबिनमध्ये बसवायचा, ती भोंग्याला हात लावेना.

एके दिवशी नोफाने तिला घरी लाडाने विचारलं, "आज काय शिकलीस शाळेत, यम्मा?"

मयारने इकडेतिकडे बघितलं. चुलीजवळचं फडकं ओढून घेतलं. मांडीवर पसरलं. त्या वाकड्या बोटांनी, जीभ दातांत धरून, त्याची घडी घातली. मग त्या घडीची घडी. कोपऱ्याला कोपरा असा जुळवला की कुठं सूतभर फरक नाही. आणि आईकडे देऊन वाट बघत बसली, शाबासकीची.

उम्म निदालने काही वाईट केलं नव्हतं. तिला जे येत होतं ते तिने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी नोफाने मयारला घरी ठेवलं. तिसऱ्याही दिवशी. उम्म शाहेर आली. मी तेव्हा मुतलककडे पाण्याचं सांगायला गेलो होतो, अंगणात उभा होतो.

"खुर्ची काढ," उम्म शाहेर म्हणाली. "शाळेला उशीर होतोय."

"नाही पाठवणार, खाला. घरी माझ्याजवळ तरी असेल."

"घरी ठेवलीस की संपलं. पोरी, ऐक माझं. घरी ठेवलेलं पोर परत कुणी बोलवत नाही. त्यांना आठवतही नाही की असं एक पोर आहे."

"मग काय करू? फडकी घडी घालायला पाठवू?"

"पाठव. तिथं असेल तर भांडता येईल."

"कोण भांडणार?" नोफा उसळली. तिचे केस सुटले होते आणि ती ते सावरत नव्हती. "मी? माझं तोंड नवऱ्यानं बांधलंय. तू? तुला साहेबाने विचारलं तू कोण म्हणून! का मागे लागलीस माझ्या? तुझा शाहेर घरात सडला म्हणून माझ्या पोरीला त्याच्यावरचं औषध करतेस?"

मी घराच्या छपराकडे बघायला लागलो. असं कुणी तिला कधी बोललं नव्हतं. उम्म शाहेरच्या चेहऱ्यावरून काही सरकत गेलं आणि ती जितकी होती त्याहून लहान दिसायला लागली. तिने चप्पल शोधली, एक पायात घातली, दुसरी सापडेना. मी उचलून दिली. ती गेली.

मला वाटलं, आता मिटलं. गावातही बायका म्हणाल्या, फिद्दा आता घरी बसेल. तिच्या घराचं दार पुढे केलेलं होतं, आणि शाहेर दारात नव्हता.

पण त्यानंतरच्या सकाळी, धुकं एवढं की समोरची भिंत दिसेना, कुणीतरी माझ्या पिकअपवर थाप मारली. उम्म शाहेर. म्हणाली, "चल. खुर्ची मागे बांधायचीय." नोफाच्या दारात ती उभी राहिली आणि नुसते हात पुढे केले. नोफाने तिच्याकडे बघितलं. दोघींपैकी कुणीही माफीबिफी मागितली नाही. नोफा आत गेली, मयारला शालीत गुंडाळून आणली आणि तिच्या हातात दिली. मुतलक ओसरीवर चहा पीत होता. त्याने अडवलं नाही. मान वळवून दुसरीकडे बघत राहिला, आणि त्याच्यासाठी तेवढंसुद्धा फार होतं.

शाळेत उम्म निदाल खुर्ची घ्यायला पुढे आली. उम्म शाहेर म्हणाली, "राहू दे गं आज." स्टोअरच्या दारावरून खुर्ची पुढे नेली आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी केली. चाकाला दगड लावला. स्वतः पहिल्या पायरीच्या कडेला फरशीवर बसली, पाय पोटाशी घेऊन. जाणाऱ्यायेणाऱ्याला वाट मोकळी ठेवून, बरं का. वरून पहिलीच्या पोरींचा आवाज येत होता, एका सुरात काहीतरी म्हणत होत्या. मयारने मान वर केली. ती मान स्थिर राहत नाही, तरी तिने ती वर करून धरली.

फरशी बर्फासारखी. मी माझा अबा दिला, तिने तो मयारच्या पायांवर टाकला. असं आठवडाभर चाललं. शिपाईणबाई चहा आणून द्यायची आणि डोळे टिपत निघून जायची. पोरी वरखाली करताना आधी घाबरून भिंतीला चिकटायच्या, मग थांबून बघायला लागल्या. एक दिवस पहिलीच्या तरुण बाईंनी वर्गाचं दार उघडं ठेवलं. गारठा आत येत असणार, तरी उघडं ठेवलं. नोफा फाटकाबाहेर उभी राहायची, शाळा सुटेपर्यंत, आत पाऊल न टाकता. नवऱ्याचा शब्द मोडला नाही तिने. रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता. आणि मयार? ती एक शब्द बोलत नव्हती. घरीही नाही, गाडीतही नाही. नुसती ऐकत बसायची.

मला भीती वाटत होती, खरं सांगतो. पोरगी आतून बंद झाली की काय, आणि ही म्हातारी फरशीवर बसून स्वतःच्या हाडांचं वाटोळं करून घेतेय, त्याला काही अर्थ आहे की नाही, हेच मला समजेना. उम्म शाहेरचे ओठ निळे पडलेले. शाळा सुटल्यावर उठताना तिला दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरावा लागायचा.

शेवटी एका सकाळी ऑफिसचं दार धाडकन उघडलं आणि सित्त इंतिसार बाहेर आली. बुटांचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला. वरच्या पोरी गप्प झाल्या. ती जिन्याशी येऊन उभी राहिली, कमरेवर हात. उम्म शाहेरकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग लगेच परत उम्म शाहेरकडे, कारण पोरीकडे फार वेळ बघणं तिला जमत नव्हतं.

"हे बास झालं, उम्म शाहेर," ती म्हणाली. "रोज तुला ओलांडून जाते मी. माझ्या पोरी जिन्यात थबकतात. बाई दार उघडं ठेवते. गावात माझ्या नावाने काय काय बोललं जातंय ते मला कळत नाही? आता सांगून टाक एकदाचं. काय हवंय या मुलीला?"

उम्म शाहेर कठडा धरून उठायला लागली. मी हात द्यायला पुढे झालो, तिने झटकला. उभी राहिली, खुर्चीच्या मागे गेली, चाकाचा दगड पायाने बाजूला सारला आणि खुर्ची फिरवून मयारचं तोंड सित्त इंतिसारसमोर आणलं.

"मला कशाला विचारतेस, सित्त? ती ही समोर बसलीय, तिला विचार. फक्त निघून जाऊ नकोस. तिला शब्द काढायला वेळ लागतो, आणि फार दिवसांत तिला कुणी काही विचारलेलं नाही."